फटफटी, फेटा आणि खणाची कानटोपी

सन एकोणीसशे छत्तीस. मी बावीस वर्षांचा होतो आणि मखमलाबाद रस्त्यावर फटफटी असलेला एकटाच होतो. डॉक्टर, वकील, छावणीतले गोरे साहेब यांच्याकडे फटफट्या होत्या, त्यांचं सोडा. धोतर नेसून चालवणारा मी एकटा. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. तेव्हाची माणसं आता उरली नाहीत, नाहीतर त्यांनीच सांगितलं असतं.

आज हे आठवायचं कारण थंडी. नाशिकची पौषातली थंडी माणसाला आधी कानाला धरते, मग बाकीच्याची विचारपूस करते. यंदा तर सकाळी नळाला पाणी यायच्या आधी नळच कुडकुडतो. अशा दिवसांत आमचा नातू नितीन आणि नातसून फटफटीवर बसून गोव्याला निघालेत. ओट्यावर त्यांनी सगळं सामान मांडलंय. चामड्याची जाकिटं, हातमोजे, गुडघ्याला बांधायच्या वाट्या, पोटाचा पट्टा, रबरी विजारी, डोक्यात घालायचे गोल डबे. माझ्या लग्नात रुखवताला एवढं सामान नव्हतं. आणि सगळं दोन-दोन. एक त्याचं, एक तिचं.

"आजोबा," नितीन मला म्हणाला, "जवळच्या राइडला वेगळं सामान लागतं आणि लांबच्या राइडला वेगळं. लोकांना हे कळत नाही."

"मला सांगतोस?" मी म्हणालो.

आतून आमच्या मंडळींचा आवाज आला, "नितीन, त्यांना विचारू नकोस रे. ते फेट्यापासून सुरू करतील, तुझी गोव्याची तारीख टळेल."

तिला ऐकू कमी येतं असं ती सगळ्यांना सांगते. हे असं येतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. त्यामुळे मी लिहितो तसं लिहितो. पण काय घालून कुठल्या वाटेला जावं, यावर मला कोणी शिकवू नये. ते मी अंगावर घेऊन शिकलोय.

फटफटी आमच्याकडे आली ती म्हशीच्या बदल्यात. देवळालीच्या छावणीत आम्ही गवत पुरवायचो. तिथला एक साहेब विलायतेला परत जाताना छावणीच्या दूधवाल्याला फटफटी बक्षीस देऊन गेला. दूधवाल्याला ती चालवता येईना आणि मला बघवेना. ती त्याच्या गोठ्यात म्हशींच्या रांगेत उभी होती आणि एक रेडकू तिची गादी चाटत होतं. मी त्याला म्हणालो, हिच्या जागी हिच्यापेक्षा मोठं जनावर देतो. आणि आमची चंद्री त्याला देऊन आलो.

चंद्री म्हणजे आबांचा जीव. आबा म्हणजे आमचे वडील. मी फटफटी आवाज करत दारात आणली तेव्हा ते पेरूच्या झाडाखाली दोर वळत बसले होते. त्यांनी दोर खाली ठेवला नाही.

"चंद्री कुठंय?"

"ही काय," मी म्हणालो.

आबा उठले, फटफटीला एक चक्कर मारली, पुढं वाकून बघितलं, मागं वाकून बघितलं. "दूध कुठून देती?"

मी हँडल पुसायला लागलो.

"शेण?"

"नाही."

"मग हिला दावं तरी कशाला बांधायचं," असं म्हणून ते परत दोर वळायला बसले. पुढे कित्येक महिने ते फटफटीला चंद्रीच म्हणत. "तुझ्या चंद्रीला उन्हातून काढ. आटंल ती."

त्या फटफटीचा वास मला अजून येतो. पेट्रोल, तापलेलं लोखंड आणि दूधवाल्याच्या गोठ्यातल्या मुक्कामाचं थोडं शेण. सकाळी ती सुरू व्हायला तयार नसायची. मी लाथा मारायचो, ती खोकायची. शेजारपाजारची माणसं पांघरुणातून डोकं बाहेर काढून बघायची, आणि आपण जागे झालो याचा राग ती माझ्यावर काढायची, थंडीवर नाही.

जवळच्या वाटेला माणसानं रुबाबात जावं, हे माझं तेव्हाही मत होतं. जवळच्या वाटेवर सगळी ओळखीची माणसं असतात. गंगापूर, त्र्यंबक, देवळाली, इथं जाताना मी शुभ्र धोतर, काळा कोट, काळी टोपी आणि पंपशू घालायचो. आता धोतर आणि साखळी यांचं जमत नाही हे खरं. रविवार कारंजावर भर बाजाराच्या वेळी माझं अर्धं धोतर साखळीनं ओढून घेतलं. लोक सांगतात मी पडलो. मी पडलो नाही. मी थांबलो. फटफटीला टेकून उभा राहिलो आणि समोरच्या बाईकडून मेथीच्या जुड्या घ्यायला लागलो, भाव करून, सावकाश, जोवर साखळीतून धोतर निघत नाही तोवर. त्या संध्याकाळी आमच्याकडे इतकी मेथी होती की आबांना वाटलं मी म्हशीसाठी आणली आणि आता मला पश्चात्ताप झाला. तेव्हापासून मी पायाला शिपायांसारख्या पट्ट्या गुंडाळायला लागलो.

आमच्या मंडळींचं नाव गिरजा. तिचं माहेर नामपूर, बागलाणातलं, सटाण्याच्या पुढे. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी तिला एकदाच फटफटीवर बसवलं होतं, भल्या पहाटे, आनंदवलीपर्यंत आणि परत. मागे कॅरियरवर पोतं घालून. रस्त्यात ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं घाबरली. घरी उतरल्यावर म्हणाली, "कान गार पडले." एवढंच. दुपारी ती सुई-दोरा घेऊन बसली. तिच्या चोळीच्या खणातला उरलेला तुकडा होता, हिरवा, लाल काठाचा. त्यात कापूस भरून तिनं एक कानटोपी शिवली, हनुवटीखाली बांधायला दोन बंद लावले आणि माझ्यासमोर ठेवली.

"ही कोणाला?"

"तुम्हाला. कान झाकतात."

"कान बांधायला मी काय बाळंतीण आहे?"

ती म्हणाली, "बरं." टोपीची घडी घातली आणि पेटीत टाकली. ही बाई "बरं" म्हणते तेव्हा ते बरं नसतं, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं गेली.

पहिल्या संक्रांतीला तिला न्यायला तिचे वडील आले. दगाजी नाना. नामपुरात कांद्याच्या वखारी, उंच माणूस, डोक्याला कायम फेटा. लग्नात माझ्या डोक्याला फेटा त्यांनी स्वतःच्या हातानं बांधला होता, गुलाबी, जरीच्या काठाचा, आणि बांधून झाल्यावर दोन पावलं मागे सरून बघितलं होतं, सुतारानं दार बसवल्यावर बघावं तसं. ते लेकीला घेऊन निघाले तेव्हा त्यांची नजर अंगणातल्या फटफटीवर गेली.

"जावईबुवा, रथसप्तमी झाली की लेक न्यायला या. मोटारीनं या, बैलगाडीनं या. पण हिच्यावर मी लेक घालणार नाही."

"मी हिच्यावरच येणार, नाना. आणि तीही हिच्यावरच येणार."

हे बोलताना आबा मागे उभे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मोटार दिसेनाशी झाल्यावर ते म्हणाले, "ऐकलं मी. आता माझंबी ऐक. सून हिच्यावर बसून या दारात आली तर ही हितं राहील. आली नाय, तर ही दूधवाल्याच्या गोठ्यात आन माझी चंद्री माझ्या. दूधवाल्याशी बोलणं झालंय माझं."

म्हणजे तो सगळा पौष मी एकाच विचारात काढला. नामपूरला जायचं, नानांना गप्प करायचं, तिला मागं बसवून आणायचं. माणूस सासरवाडीला कशावर बसून जातो यापेक्षा काय घालून उतरतो हे लोक बघतात. तेव्हा तयारी.

जुन्या नाशकात दूधबाजाराच्या अंगाला हमीदचाचांचं दुकान होतं. टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचे. खोगीर, लगाम, तोबरे. दुकानात चामड्याचा आणि मेणाचा वास, आणि चाचा कायम तोंडात दोरा धरून बोलायचे, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य शिवून बाहेर यायचं.

"लांब जायचंय चाचा. बागलाणात. अंगावर काय घालू?"

"घोडा कसला?"

"फटफटी."

"तोबा," चाचा म्हणाले. "घोड्याच्या पाठीवर हात फिरवला की घोडा सांगतो, इथं दुखतं, इथं घासतं. तुझी ही काही बोलत नाही. मी माप कोणाचं घेऊ?"

"माझं घ्या."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घोडा बरा असतो," म्हणाले, पण माप घेतलं.

आधी घोंगडी घालून बघितली. घोंगडीत ऊब असते, पण फटफटी पळायला लागली की तिला पंख फुटतात. मी गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पुलावरून गेलो तेव्हा पलीकडच्या घाटावरच्या बायका धुणं टाकून बघत राहिल्या. मग छावणीच्या लिलावात निघालेला साहेबाचा चामड्याचा कोट आणला. तो उभा केला तर एकटा उभा राहायचा. आत मी आणि चंद्री दोघं मावलो असतो, आणि डांबरगोळ्यांचा असा वास की रस्त्यानं कुत्री शिंकायची. शेवटी चाचांनी टांग्याच्या टपाच्या कापडाचा कोट शिवला.

"पाणी आत नाही येणार," चाचा म्हणाले. "हवा आत नाही येणार."

"आणि घाम?"

"घाम बाहेर नाही जाणार. सबकुछ तर नाही मिळत ना भाऊ."

कोटाच्या आत छातीवर वर्तमानपत्रं घालायची ही माझी स्वतःची युक्ती. वर्तमानपत्र वाचायला मला वेळ लागतो, पांघरायला लागत नाही. पायात शिपायाचे बूट, एक माप मोठे, आत कापूस. डोळ्याला लिलावातला काळा चष्मा, कातडी कडांचा, मागे पट्टा बांधायचा. तो लावला की मी कोणीही असू शकत होतो. आणि फटफटीच्या दोन्ही बाजूंना चाचांनी खोगिरासारख्या दोन पिशव्या लटकवल्या. डावीत पेट्रोलचा डबा आणि नट खोलायचे पाने. उजवीत फेटा.

फेट्याचं सांगतो. फेटा घालून फटफटी चालवता येत नाही. तेही मी करून बघितलं. आता जिथं द्वारकेचा चौक आहे आणि चार रस्त्यांच्या गाड्या एकमेकींवर भुंकत उभ्या असतात, तिथं तेव्हा नुसता मोकळा रस्ता आणि बाभळी होत्या. तिथं मी वेगात निघालो आणि फेटा सुटला. एक टोक माझ्या कानात, दुसरं बाभळीत. म्हणून ठरवलं, वाटेत डोक्याला उपरणं बांधायचं, कानावरून घेऊन हनुवटीखाली गाठ. नामपूरच्या अलीकडे मोसम नदीवर थांबायचं, तोंड धुवायचं, नानांनी दिलेला तोच गुलाबी फेटा बांधायचा आणि मग दारात उतरायचं. त्यासाठी उजव्या पिशवीत फेटा, आरसा, अत्तराची कुपी आणि तिळगुळाचा पुडा ठेवला. पंक्चर जोडायच्या सोल्यूशनची डबी काही मावेना. नितीन म्हणतो तुम्ही डबी विसरलात. मी विसरलो नव्हतो. तिला जागा नव्हती.

निघताना हमीदचाचांनी पिशव्यांचे पट्टे ओढून बघितले. "आणि बहूसाठी काय घेतलंस?"

"तिला काय लागतं? ती मागं बसेल."

चाचांनी तोंडातला दोरा काढला, काहीतरी बोलणार होते, मग परत तोंडात घातला.

सकाळी निघालो तेव्हा हात हँडलला चिकटले की हँडल हाताला, ते कळत नव्हतं. आग्रा रोड तेव्हा धुळीचा. पुढे एखादी बैलगाडी असली की तिची सगळी धूळ आपली. आडगाव, ओझर. ओझरकडे कोणाकोणाच्या शेतात द्राक्षांचे नवे मांडव दिसायचे, आणि लोक त्यांना वेडे म्हणायचे, मला म्हणायचे तसे. हवेत कुठंतरी गुऱ्हाळाचा वास होता, गरम, गोड, आणि त्यातून जाताना जरा वेळ नाकाला ऊब आली. ऊस, धूर, धूळ आणि छातीवरचं वर्तमानपत्र कुरकुरतंय. माणसाला याहून काय पाहिजे असतं, मला ठाऊक नाही. आजही कुठं गूळ शिजत असला की माझी बोटं आपोआप वळतात, हँडल धरल्यासारखी.

पिंपळगाव बसवंतला चहाला थांबलो. गाडीवान, व्यापारी, सगळे बाजूला झाले. एकानं कपाळाला हात लावून "सलाम साहेब" केलं. मीही केलं. मग चहा प्यायला चष्मा वर केला.

"अरे," तो म्हणाला, "हा तर गवतवाल्यांचा." आणि दिलेला सलाम परत घेतल्यासारखा हात पाठीमागे नेला.

सोग्रसच्या फाट्यावरून आत वळलो, देवळा झालं, सटाणा झालं. आणि सटाण्याच्या पुढं, जिथं दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी पात आणि माणूस म्हणून दिसत नाही, तिथं मागचं चाक बसलं.

मी बाजूला बसून पिशव्या बघितल्या. आरसा होता. अत्तर होतं. चाक खोलून आत गवत कोंबलं, पण ते सुकं, टायरच्या तोंडातून बाहेर येई. बांधायला, दाबून बसवायला काहीतरी लांब, मऊ आणि घट्ट पाहिजे होतं. असं माझ्याजवळ एकच होतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. फेटा घेऊन चालत गेलो तर फटफटी रस्त्यात, म्हणजे ती गेली. फटफटी घेऊन गेलो तर फेटा गेला. मी जरीचा काठ आतल्या बाजूला घेतला, एवढा मान ठेवला, आणि सगळा फेटा चाकात भरला.

उरलेली वाट बैलाच्या चालीनं काढली. मोसम नदीवर थांबलो नाही. थांबून करणार काय? बांधायला काही नव्हतं, आणि एकदा थांबलो असतो तर ती परत सुरू झाली नसती.

आता आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण नितीनसारख्यांना ती ठाऊक नसते. कोणाच्या घरी मयताचा सांगावा घेऊन जाणारा माणूस टोपी, फेटा घालत नाही. डोक्याला उपरणं बांधून जातो. दारात उभा राहतो, आधी काही बोलत नाही. आणि त्या घरचं पाणी घेत नाही.

दगाजी नानांच्या दारात मी उतरलो तेव्हा डोक्याला उपरणं, हनुवटीखाली गाठ. तोंड राख फासल्यासारखं पांढरं. चष्मा काढला तर डोळ्यांतून वाऱ्यानं पाण्याच्या धारा. आणि जबडा थंडीनं असा बसलेला की तोंड उघडेना. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला पाहिलं. सूप हातातून सुटलं.

"कोण गयं?" त्या म्हणाल्या, म्हणजे कोण गेलं.

मी हात हलवला, दोन्ही तळवे उताणे करून, म्हणजे कोणी नाही, काही नाही, मी आहे. पण तो हात असा दिसला असणार की सगळं संपलं.

त्या ओरडल्या. शेजारच्या ओरडल्या. बघता बघता ओटा भरला. आत जावयासाठी पुरण शिजत होतं, ते सासूबाईंच्या जावेनं, म्हणजे गिरजाच्या काकूनं, चुलीवरून उतरवून गोठ्यात नेऊन बैलांपुढं ओतलं. दोघींनी मिळून रांजण उपडा केला, हंडे उपडे केले, घरातलं सगळं पाणी दारातून माझ्या बुटांवर वाहायला लागलं. मी तोंड उघडायचा प्रयत्न करत होतो आणि जेवढा प्रयत्न करत होतो तेवढे ते माझ्या चेहऱ्याकडे बघून रडत होते.

गिरजा आतून आली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "आबा?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"आई?"

नाही.

"थोरल्या आत्या? मग... हमीदचाचा?"

नाही. नाही. माझ्या ओळखीची सगळी माणसं तिनं एकेक करून मारून पाहिली, आणि मी एकेकाला मान हलवून जिवंत केलं. मग ती थांबली. तिनं माझ्या डोक्याकडे बघितलं, हनुवटीखालच्या गाठीकडे बघितलं, फटफटीकडे बघितलं. आणि मोठ्यानं म्हणाली, "पाणी आणा कोणी."

"पाणी कुठलं आता," काकू रडत म्हणाली, "सगळं ओतलं."

मग गिरजाच धावत शेजारी गेली आणि तांब्या घेऊन आली. माझ्यासमोर धरला. सगळे गप्प झाले. सांगावा आणणारा पाणी घेत नाही. तांब्या माझ्या तोंडाशी आणि सगळ्या नामपूरचे डोळे तांब्याशी. मी घेतला आणि घटाघटा शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

रडणं जिथल्या तिथं थांबलं. नुसते हुंदके उरले, तेही आपापल्या जागी चाचपडत होते. पाण्यानं जबडा सैल झाला आणि माझा पहिला शब्द निघाला.

"फेटा चाकात आहे," मी म्हणालो.

नाना वखारीतून धावत आले होते. त्यांना काय झालं ते चार बायकांनी एकदम सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चाकाजवळ बसले. मी पान्यानं टायर सैल केला. त्यांनी आत बोट घालून ओढलं. गुलाबी होता तो आता काळा, तेलकट, गवतात लडबडलेला, आणि ओढतील तितका येतच होता. शेवटी जरीचा काठ आला. तेवढाच चमकत होता.

"मी बांधलेला फेटा," नाना म्हणाले. "तुम्ही चाकात घातला."

मी म्हणालो, "फेटा डोक्यावर ठेवला असता तर मी रस्त्यात बसलो असतो. फेटा आला असता कधीतरी. मी नसतो आलो."

"मोटारीनं यायला काय झालं होतं?"

"मी सांगितलं होतं, हिच्यावर येईन."

"आणि मी सांगून आलो होतो, लेक हिच्यावर घालणार नाही."

आम्ही दोघं चाकाच्या दोन बाजूंना बसून राहिलो, मध्ये फेट्याचा ढीग. गोठ्यात बैल पुरण खात होते. इतकं मन लावून बैल खातात हे मी पहिल्यांदा बघितलं.

जेवायला शेजारची भाकरी आणि ठेचा आला. जेवण झाल्यावर गिरजानं पिशव्यांतलं सगळं सामान ओट्यावर काढलं आणि मांडलं, आज नितीननं मांडलंय तसंच. कोट. बूट. पट्ट्या. चष्मा. वर्तमानपत्रं. पाने. आरसा. अत्तर. मग तिनं शांतपणे विचारलं,

"यातलं माझं काय?"

मी सामानाकडे बघितलं. असं वाटलं की या ओट्यावर मी हे पहिल्यांदाच बघतोय.

"तिळगूळ," मी म्हणालो.

सासूबाई पदर तोंडावर घेऊन आत गेल्या. रडायला नाही, ते मला कळलं.

गिरजानं चष्मा उचलला. "हा माझा. कोट तुमचा असू द्या, मला गोधडी आहे. वर्तमानपत्रं निम्मी निम्मी." मग वडिलांकडे वळली आणि त्यांच्या बोलीत म्हणाली, "नाना, फेटा चाकमा घालीसन उनात ते. आते मी नही म्हनू का?" म्हणजे, फेटा चाकात घालून आले ते, आता मी नाही म्हणू का.

नानांनी फेट्याचा जरीचा काठ बोटानं पुसला. मग म्हणाले, "बरं." मला तेव्हा कळलं ही "बरं" कुठून शिकली. "पण एक. ते उपरणं डोक्याला बांधून माझ्या दारातून पुन्हा निघायचं नाही. आज एकदा झालं ते पुरे. माझा फेटा देतो."

"दुसऱ्याचा फेटा मी बांधत नाही," मी म्हणालो.

"तो बांधला तरी सटाण्यापर्यंत सुटेल," गिरजा म्हणाली. उठली, आत गेली, सासरहून आणलेल्या तिच्या पेटीचं झाकण वाजलं. बाहेर येऊन तिनं माझ्यासमोर काहीतरी ठेवलं आणि भांडी घासायला निघून गेली. हिरवा खण, लाल काठ, कापूस भरलेला, दोन बंद.

नानांनी ती बघितली. मी बघितली. काकूनं बघितली. "कोना बाळनी शे ही?" ती म्हणाली, म्हणजे ही कुठल्या बाळाची.

"सकाळी बघू," मी म्हणालो.

नितीन आता विचारतोय, आजोबा, मग काय केलंत? तो त्याच्या गोल डब्याची काच पुसतोय आणि आतून मंडळी म्हणताहेत, "सांगा की, का थांबलात?" थांबलो नाही. चष्मा सापडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीवरच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं ट्यूब जोडून दिली. सगळं नामपूर बघायला आलं होतं. गिरजा गोधडी पांघरून, काळा चष्मा लावून, मागच्या पोत्यावर जाऊन बसली, कोणाला न विचारता. मी उपरण्याची घडी घालून उजव्या पिशवीत ठेवली. खिशातून खणाची कानटोपी काढली, डोक्यात घातली, कान झाकले. गारठलेल्या बोटांनी बंद बांधता येईनात. मग सगळ्या गावासमोर मी मागे वळलो आणि हनुवटी वर करून तिच्यापुढे धरली.